मागील सभेचे इतिवृत्त

“चौदा नंबरचा माणूस न्हावी नव्हता,” येलिना म्हणाली. “बेकरीवाला होता.”

तिने कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि चौदाव्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. मी चष्मा लावून पाहिलं. मातेय दोरान, वय एकोणचाळीस, व्यवसाय न्हावी. न्हावी खरं म्हणजे त्याच्या वरच्या ओळीतला, तेरा नंबरचा. मी पंधराव्या ओळीवर गेलो, तर तिथे बेकरीवाला बसला होता. सोळाव्या ओळीत जो विहिरी खणत होता, तो पंधरा नंबरचा. व्यवसायाचा सबंध रकाना एका घराने खाली सरकला होता, आणि तेविसाव्याचा व्यवसाय वर जाऊन पहिल्याला चिकटला होता. तेवीस माणसांपैकी एकाच्याही पुढे त्याचं स्वतःचं काम उरलं नव्हतं.

कॉम्प्युटर नवीन होता, असं मी म्हणालो.

“माझा नवरा जुनाच आहे,” ती म्हणाली.

ही गोष्ट जिनिव्हातली, मार्च महिन्यातली, आणि आता सत्तावीस वर्षांपूर्वीची. त्या वेळी मी तोरेवा या देशाच्या वकिलातीत काम करत होतो. तोरेवा म्हणजे समुद्रातली सहा बेटं, वस्ती अकरा हजार. आमच्याकडच्या आठवडी बाजाराला याहून जास्त माणसं येतात, आणि ती तोरेवाच्या लोकांपेक्षा जास्त भांडतात. वकिलात एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होती. दोन खोल्या, तीन खुर्च्या. एक राजदूतांची, एक माझी, एक आल्यागेल्याची. जिन्यातून दिवसभर इस्त्रीची वाफ वर यायची, त्यामुळे आमचे सगळे सरकारी कागद किंचित मऊ असत.

राजदूत म्हणजे मादाम आलोफा. साठीच्या, फुलाफुलांचा झगा आणि त्यावर करडा स्वेटर. तोरेवातल्या एकुलत्या एका हायस्कूलच्या त्या बावीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. अख्खं मंत्रिमंडळ त्यांच्या हाताखालून गेलेलं, आणि त्यातल्या दोघांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलेलं. मी तोंडाने मादाम म्हणायचो, मनात बाई. त्या मला ‘देऊळ’ म्हणत. देऊळगावकर हे नाव त्यांनी पहिल्या दिवशी एकदा पूर्ण उच्चारून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

मी तिथे कसा पोहोचलो, तर मला इतिवृत्त लिहिता येत होतं म्हणून. विदर्भातल्या एका जिल्हा परिषदेत सहा वर्षं मी तेच केलं होतं. मग रजा घेऊन, शिष्यवृत्तीवर, आंतरराष्ट्रीय कायद्याची पदविका करायला आलो. ती झाली, आणि परत जायचं राहून गेलं. तोरेवाला सभेचं टिपण घेणारा माणूस हवा होता. मुलाखतीत बाईंनी एकच विचारलं, की जिल्हा परिषदेत तुम्ही नक्की काय शिकलात. मी त्यांना बापूसाहेबांची गोष्ट सांगितली.

आमचे एक सदस्य होते, बापूसाहेब. एक पूल बांधला गेला आणि पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेला. पूल पाहून पास करणाऱ्यांत बापूसाहेब होते अशी कुणकुण होती, पण ते शपथेवर सांगत, की मी त्या गावाला कधी गेलोच नाही. वर्षभर चौकशी चालली, काही हाती लागलं नाही. मग एका सभेच्या इतिवृत्तात ओघात लिहिलं गेलं, की पुलाच्या पाहणीनंतर सन्माननीय सदस्यांनी भज्यांचा आस्वाद घेतला. पुढच्या सभेत विषय क्रमांक एक, नेहमीप्रमाणे, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बापूसाहेब ताडकन उभे राहिले. मला पित्त आहे, मी भजी खात नाही, मी फक्त ताक घेतलं होतं, दुरुस्ती करा. अध्यक्षांनी दुरुस्ती केली. इतिवृत्त एकमताने कायम झालं.

बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, की उद्यापासून या.

तर त्या मार्चमध्ये तोरेवाकडे एका समितीचं अध्यक्षपद आलं होतं. साराविया नावाचा मोठा देश आणि किरेन नावाचा त्याचा मध्यम शेजारी, यांच्या सीमेवरच्या एका खोऱ्यातून तेवीस माणसं नाहीशी झाली होती. माणसं भाषेने किरेनची, राहायला सारावियात. सारावियाच्या पोलिसांनी ती उचलली, असं सगळं खोरं सांगत होतं. साराविया चार महिने एकच वाक्य म्हणत होता, की या वर्णनाची कोणतीही व्यक्ती आमच्या ताब्यात नाही. किरेनने पुलापाशी सैन्य आणून ठेवलं होतं आणि कळवलं होतं, की तीस मार्चपर्यंत आमची माणसं कुठे आहेत ते सांगा, नाहीतर आम्ही शोधायला येतो. समितीत अकरा देश. अध्यक्ष कोण, यावर दोघांनी प्रत्येक नावाला हरकत घेतली. तोरेवाला कोणीच घेतली नाही, कारण तोरेवा कुठे आहे हेच दोघांना ठाऊक नव्हतं.

अध्यक्षाला मत नसतं, आरोप करता येत नाही, सभा तहकूब करायलाही दोन अनुमोदक लागतात. इतिवृत्त तेवढं अध्यक्षाचं. बाईंनी त्यात तेवीस माणसांची यादी जोडायला लावली. नाव, वय, व्यवसाय, कुठून नेलं. ही यादी खोऱ्यातल्या घराघरांत फिरून येलिनाने जमवली होती, शाळेच्या वहीत. मसुदा बुधवारी सगळ्या देशांना गेला, एक प्रत येलिनाला. दुरुस्त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवायच्या. सोमवारी इतिवृत्त कायम. एकदा कायम झालं की ब्रह्मदेवाच्या बापाला बदलता येत नाही, हे मला जिल्हा परिषदेपासून माहीत होतं.

आणि येलिना गुरुवारी सकाळी आली होती.

ती मोजकं इंग्रजी बोलायची, पण तिला सगळं लख्ख कळलं होतं. मातेय दोरान नावाचा न्हावी आमच्याकडे नाही, असं साराविया आता हात वर करून सांगू शकत होता, आणि ते खरं ठरलं असतं. चार महिन्यांत त्यांना पहिल्यांदा खरं बोलायची सोय मी करून दिली होती.

मी तिथल्या तिथे दुरुस्तीपत्रक टाइप केलं, तेवीसच्या तेवीस ओळी, दोनदा तपासून, आणि सहीसाठी आतल्या खोलीत बाईंसमोर ठेवलं. येलिनाही मागोमाग आली. चूक माझी आहे, मी म्हणालो, आणि नोकरी सोडायची तयारी आहे असंही म्हणालो. बाईंनी ते ऐकलं नसावं. त्या लाल-निळी पेन्सिल फिरवत चुकलेली यादी वाचत होत्या, शाळेत पेपर तपासावा तशी.

“सारावियात हा मसुदा कोणाकडे जातो?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की आधी इथले त्यांचे प्रतिनिधी ओब्रेन यांच्याकडे. ओब्रेन परिशिष्टं वाचत नाहीत, तशीच पुढे पाठवतात. मग परराष्ट्र खातं, मग गृहखातं, आणि शेवटी जिथे या विषयाचं दप्तर असेल तिथे.

“तिथे कोण वाचतं?”

“असेल कोणीतरी कारकून.”

“चांगला?”

मी विचार केला. “वाईट असता तर चार महिने तेवीस माणसं लपली नसती. एखादं पत्र तरी चुकून बाहेर आलं असतं.”

बाईंनी माझं दुरुस्तीपत्रक उलटं करून ठेवलं. “मग हे पाठवायचं नाही.”

मी उभाच राहिलो. म्हटलं, ही चूक आहे हे आपल्याला माहीत असताना ती ठेवायची म्हणजे सोमवारी ती कायम होईल. बाई म्हणाल्या, की दुरुस्ती सुचवायचा हक्क प्रत्येक सदस्य देशाला आहे, अध्यक्षाने सगळं आपणच करून त्यांचा हक्क हिरावून घेऊ नये. हे वाक्य त्यांनी इतक्या गंभीरपणे उच्चारलं, की मला कळायला क्षणभर वेळ लागला.

“देऊळ,” त्या म्हणाल्या, “ते तुमचे गृहस्थ भज्यांऐवजी काय प्यायले होते?”

“ताक.”

“तिकडेही एखादा देऊळ असेलच.”

येलिना आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत होती. मी तिला बापूसाहेब समजावून सांगितले, जमेल तितके. भज्यांना शब्द नव्हता, मी तळलेला कांदा म्हणालो. ती हसली नाही. तिने बाईंना विचारलं, “त्या कारकुनाला माझ्या नवऱ्याची कीव येईल असं वाटतं तुम्हाला?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “त्याला रकान्याची कीव येईल.”

खाली लाँड्रीतलं यंत्र घरघरत होतं. मग येलिना म्हणाली, की उद्या पाचच्या आत काही आलं नाही तर हे पत्रक ती स्वतः सचिवालयात नेऊन देणार, बाईंची सही असो वा नसो. बाईंनी पत्रक सुलट केलं, सही केली आणि पाकीट तिच्या हातात दिलं. पोरीच्या हातात पाकीट, आणि पाकिटात माझी सगळी अब्रू.

शुक्रवारी ती दुपारी दोनला येऊन तिसऱ्या खुर्चीवर बसली. पाकीट मांडीवर. सचिवालयात पाचच्या आत पोहोचायचं तर साडेचारला निघायला हवं होतं. तीन वाजता एका देशाचा फॅक्स आला, की आमच्या प्रतिनिधींच्या नावामागे ‘डॉक्टर’ राहून गेलं आहे. पावणेचारला दुसऱ्याचा आला, सभेला उपस्थित असूनही आमचं नाव अनुपस्थितांत आहे. त्यांचं बरोबर होतं. ते झोपले होते, पण उपस्थित होते. येलिना प्रत्येक घंटीला उठून उभी राहायची आणि मी मान हलवली की बसायची. बाई स्वेटरचं सुटलेलं बटण शिवत होत्या. तीन टाके झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या ते भलत्याच काजासमोर लावत आहेत.

साडेचारला येलिनाने कोट चढवला. ती दार उघडून जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेली, वाफ आत आली, आणि मशीन वाजलं.

पहिलं पान ओब्रेन यांच्या सहीचं. सोबत परिशिष्टातील किरकोळ दुरुस्त्या जोडल्या आहेत, समितीने त्यांची नोंद घ्यावी. मग दुसरं पान. त्या काळचा फॅक्स म्हणजे कागद ओळीओळीने, कुरकुरत बाहेर यायचा. पान आमच्याच मसुद्याचं होतं, त्यावर शाईने लिहिलेलं. बारीक, सरळ, एकही खाडाखोड नाही. ओळ एक : सुतार नव्हे, गिरणीवाला. ओळ दोन : गिरणीवाला नव्हे, शिक्षक. आणि प्रत्येकापुढे अगदी उजवीकडे आणखी काही शब्द. इमारत दोन. इमारत चार. दवाखाना, सुधारणा आहे.

येलिना कोटासकट मशीनवर वाकली होती. मी ओळी मोठ्याने वाचत गेलो. सहाव्या ओळीपुढे काही नव्हतं, मी थांबलो, तर ती म्हणाली, पुढे. अकराव्यापुढेही काही नव्हतं. तेरा आला. मग कागद अडकला. खोटं सांगत नाही, अडकला. बाईंनी मशीनला बाजूने एक चापट मारली, बावीस वर्षांच्या अनुभवाने, आणि चौदावी ओळ बाहेर आली.

न्हावी नव्हे, बेकरीवाला. इमारत चार, स्वयंपाकघर. प्रकृती बरी.

येलिनाने ती ओळ स्वतः वाचली. मग आल्यागेल्याच्या खुर्चीत बसली आणि कोटाच्या गुंड्या लावायला लागली. लावलेल्याच होत्या, तरी लावत राहिली.

“तिथलं पीठ कसलं असेल कोण जाणे,” ती म्हणाली.

सोमवारी सभा दहाला सुरू झाली. किरेनच्या बाजूने एक कर्नल आले होते, टाइप केलेलं निवेदन समोर ठेवून. त्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. ओब्रेन नेहमीसारखे टापटीप, रेशमी टाय. बाईंनी हातोडा आपटला. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त. कर्नल म्हणाले, की हा विषय वाचला असे समजून पुढे जाऊ या. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते खुर्चीत नीट बसले.

मग त्यांनी सदस्य देशांकडून आलेल्या दुरुस्त्या वाचल्या. डॉक्टर वाचला. झोपलेल्यांची उपस्थिती वाचली. आणि मग, सारावियाच्या मान्यवर प्रतिनिधींकडून, परिशिष्ट एक. हजेरी घ्यावी त्या आवाजात, एकेक नाव, व्यवसाय, इमारत. चौथ्या नावाला ओब्रेन यांनी समोरचे कागद उलटायला सुरुवात केली. सातव्याला ते थांबले. दहाव्याला दुभाष्यांच्या काचेमागे कोणीतरी उठून उभं राहिलं.

ओब्रेन उभे राहिले आणि या पत्राबाबत काही तांत्रिक गैरसमज असावा, असं काहीसं म्हणाले. सभा थोडा वेळ थांबवावी. अनुमोदक कोण, बाईंनी विचारलं. कोणी हात वर केला नाही. झोपणाऱ्या देशानेसुद्धा नाही.

“पत्रावर सही आपली आहे ना?” बाई म्हणाल्या.

नाही म्हणावं, तर सारावियाच्या नावाने कोणीही पत्रं पाठवतं असं होत होतं. ओब्रेन यांनी ते मनात उलटसुलट करून पाहिलं असावं.

“सही माझी आहे.”

“सहा, अकरा, सतरा आणि बावीस यांच्याबाबत दुरुस्ती आलेली नाही. त्यांच्यापुढे आम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, असं आपल्या सरकारचं म्हणणं आहे का?”

ओब्रेन यांनी समोरच्या पानावर ते चारही आकडे बोटाने शोधले. “त्यांच्याबाबत,” ते शेवटी म्हणाले, “मला माहिती नाही.” चार महिन्यांत त्या माणसाने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य, ज्यावर माझा विश्वास बसला.

दुरुस्त्यांसह इतिवृत्त कायम करण्यास कोणाची हरकत आहे का, बाईंनी विचारलं. कोणाचीच नव्हती. कर्नलनी आपलं निवेदन घडी करून खिशात ठेवलं आणि सरकारशी बोलायला बाहेर गेले. तीस मार्चला पुलापाशी काहीही झालं नाही. जे युद्ध होत नाही त्याची बातमी येत नाही, स्मारकही होत नाही. मे महिन्यात एकोणीस माणसं त्याच पुलावरून चालत पलीकडे गेली. मातेय दोरान त्यांत होता. येलिनाने बाईंना पत्र लिहिलं, की तो बराच वाळला आहे आणि त्याला आता इमारत चारच्या भट्टीची सवय लागल्यामुळे घरचा पाव करपतो.

पुढे परिसंवादांतून या प्रकरणाला ‘तोरेवा पद्धत’ असं नाव पडलं. छोट्या राष्ट्रांचं मोठं योगदान वगैरे. मलाही बोलावतात. मी तीच गोष्ट सांगतो, बापूसाहेबांपासून. नोकरशाहीला चुकीचा कागद बघवत नाही, असं तात्पर्य निघतं, लोक हसतात, जेवण होतं.

बाई गेल्या त्या वर्षी त्यांच्या भाचीने मला एक खोकं पाठवलं. त्यात तो फॅक्स होता. वाफेने आणि वयाने पिवळा पडलेला. मी तो पहिल्यांदाच निवांत पाहिला. त्या शुक्रवारी आमचं लक्ष अक्षरांवर होतं, रेघांवर नव्हतं. माझ्या तक्त्यात चार रकाने होते. नाव, वय, व्यवसाय, कुठून नेलं. फॅक्समध्ये पाच होते. पाचवा तिकडच्या त्या कारकुनाने पट्टीने आखला होता, माझ्या रेघांना समांतर, आणि वर मथळा दिला होता : सध्या.

चुकलेला रकाना सुधारणं ही सवय असते. नवा रकाना आखायला पट्टी शोधावी लागते, टेबलावरचे बाकी कागद बाजूला सारावे लागतात, शेजारच्या टेबलावरून कोणी बघतंय का ते पाहावं लागतं. सहा वर्षं मी तशाच टेबलावर बसलो आहे. वरच्या पत्राच्या मसुद्यात त्यानेच ‘किरकोळ दुरुस्त्या’ लिहिलं असणार, कारण ते दोन शब्द वरिष्ठ पुढे वाचत नाहीत, हेही त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. खाली कोपऱ्यात दोन आद्याक्षरं आहेत, ती लागत नाहीत. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही. बाईंनी त्या आद्याक्षरांभोवती निळ्या पेन्सिलीने गोल केलेला होता. शाळेत बरोबर उत्तराला करतात तसा.

राहिले ते चौघं. सहा, अकरा, सतरा, बावीस. त्यांच्याबाबत कोणी दुरुस्ती दिली नाही, आमचं पत्रक येलिनाच्या पाकिटातच राहिलं, म्हणून माझी चूक तशीच कायम झाली. सहा नंबरचा माणूस शाळेत गाणं शिकवायचा. इतिवृत्तात तो आजही खाटीक आहे. त्याच्या बहिणीला हे माहीत आहे.

समिती कधीच विसर्जित झाली, सचिवालयाचं नाव दोनदा बदललं. दर मार्चमध्ये मी त्या चार ओळींच्या दुरुस्तीचा अर्ज पाठवतो, सोबत येलिनाच्या वहीतल्या पानाची प्रत जोडून. दरवर्षी उत्तर येतं, की कायम झालेल्या इतिवृत्तात बदल करण्याची तरतूद नाही. गेल्या वर्षीच्या उत्तरात मात्र थोडा फरक होता. तरतूद नाही, असं लिहून खाली कोणीतरी शाईने विचारलं होतं, की बावीस नंबरच्या नोंदीसाठी वहीतलं पान अधिक स्पष्ट मिळेल का.

मी पान पुन्हा, मोठं करून पाठवलं आहे. तिकडेही एखादा देऊळ असेलच.